आमच्या घरातल्या येरझारा

माझे यजमान लग्नाचं शूटिंग करतात. चिखलीजवळच्या उंद्रीत त्यांचा छोटा फोटो स्टुडिओ आहे, आणि मी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या भागात असं एखादंच घर असेल, जिथल्या लग्नात यांचा कॅमेरा उभा राहिला नसेल. माणूस कामात चोख. जेवणाची पंगत बसली तरी हे शेवटच्या पाहुण्याचा फोटो निघाल्याशिवाय पाटावर बसायचे नाहीत. म्हणून दुसरबीड गावच्या लग्नात जे झालं ते पाहून मी हबकलेच.

लग्न माझ्या चुलतभावाच्या मुलीचं होतं. वंदना झाली, प्रतिज्ञा झाल्या, बौद्धाचार्यांनी हार घालायला सांगितलं. नवरीनं नवरदेवाच्या गळ्यात हार घातला, लोकांनी फुलं उधळली, टाळ्या वाजल्या. मी पाहते तर स्टँडवर कॅमेरा तसाच, आणि त्याच्यामागे कोणीच नाही. तेवढ्यात मांडवाच्या मागून हे रुमालाला हात पुसत पळत आले.

"थांबा, थांबा! एकदा परत घाला हार. राह्यलं माझं."

नवरदेवाचा मामा उसळला. "लग्न का दोनदा लागत असते काय बे? कुठी गेला होता तू?"

साठी ओलांडलेल्या माणसाला भर मांडवात 'बे' म्हणाला तो. यांनी मान खाली घातली. शेवटी नवरीनंच हार काढून परत घातला. पहिल्यांदा ती हसली होती, दुसऱ्यांदा नुसती कॅमेऱ्याकडे बघत होती.

परतताना, सामानासाठी मागून आणलेल्या गाडीत मी विचारलं, "काऊन गेले होते तुमी अशा वक्ताले?"

"आधीच जाऊन आलो होतो ना वं. पुन्हा लागली."

एवढं बोलून त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बाभळीआड गेले. किती वेळ झाला तरी येईनात. मी काच खाली करून पाहिलं. ते नुसते उभे होते, एक हात झाडाला टेकवून, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखे.

त्या दिवसापासून मी लक्ष ठेवू लागले, आणि मग एकेक गोष्ट ध्यानात येत गेली. यांनी दुपारचा चहा सोडला होता. कार्यक्रमाला गेलं की रांगेच्या टोकाला, दाराजवळ बसायचे. फिकट पँटी कपाटात पडून होत्या, अंगात कायम काळी नाहीतर निळी. चिखलीचा रस्ता त्यांना आता दुकानांवरून नाही, आडोशांवरून पाठ झाला होता. आणि घरात सतत येरझारा. पलंग, न्हाणीघर, ओटा, पुन्हा न्हाणीघर. जाऊन आल्यावरही जीव मोकळा होत नसे. जेवताना उठायचे, फोनवर बोलता बोलता उठायचे. मी पेपर तपासत बसले की माझ्या मागून चपलांचा आवाज जायचा-यायचा, आणि माझा हात लाल पेनासकट थांबायचा. अशा माणसाबरोबर राहिलं की आपलंही बूड एका जागी टेकत नाही.

"डॉक्टरले दाखवा," मी म्हणायची.

"वयाचं हाय थे. सगळ्याईलेच होते."

शेवटी चिखलीच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी प्रोस्टेट वाढलंय असं सांगून रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली. गोळीनं धार सुधारली, पण उठून उभं राहिलं की डोकं गरगरायचं. यांचं काम स्टुलावर चढून वरून शॉट घ्यायचं. एका हळदीत ते स्टुलावरून उतरताना तोल जाऊन मंडप डेकोरेशनवाल्याच्या अंगावर पडले. दुसऱ्या दिवसापासून मला न सांगता गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी गोळी बदलून दिली असती, पण विचारायचं म्हणजे पुन्हा तो विषय काढायचा.

मग हिवाळ्यात यांना सर्दी झाली. नाक चोंदलं म्हणून मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या आणि दोन-तीनदा घेतल्या. रविवार होता. सकाळी न्हाणीघरात गेले, आणि बाहेर आले ते कपाळाला घाम घेऊन.

"होऊनच नाई राह्यली," म्हणाले.

नळ सोडून पाहिला. गरम पाणी अंगावर घेतलं. थेंब नाही. दुपारपर्यंत पोट टणक फुगलं. ना बसता येईना, ना झोपता येईना. ओट्यावरून अंगणात, अंगणातून ओट्यावर, कमरेत वाकून फिरत राहिले. मला म्हणाले, "तू आत जा. पाहू नको." मी आत गेले नाही. शेजाऱ्याची गाडी काढली. चिखलीपर्यंतच्या रस्त्यावर प्रत्येक गतिरोधकाला ते असे कण्हत होते की मी चालकाला हळू चल म्हणू की जोरात चल म्हणू, तेच मला कळेना.

डॉक्टरांनी नळी घातली. पिशवी भरायला लागली तशी यांच्या चेहऱ्यावरची एकेक शीर सैल होत गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"सर्दीच्या काही गोळ्यांनी तिथलं तोंड आणखी आवळतं," डॉक्टर म्हणाले. "प्रोस्टेट वाढलेल्या माणसानं विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात." सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. काही दिवसांनी नळी काढली, दुसऱ्या गोळीवर लघवी सुरू झाली, थोडं गरगरणं मात्र राहिलंच. पण रक्ताचा एक आकडा वाढलेला निघाला. पीएसए. डॉक्टर म्हणाले, लघवी तुंबली, नळी घातली, त्यानंही तो वाढतो, काही आठवडे जाऊ द्या, पुन्हा तपासू. त्यांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही. पण मी मोबाइलवर पाहिलंच, आणि यांनीही पाहिलं असणार, कारण आम्ही दोघं एकमेकांसमोर मोबाइल पालथा ठेवायला लागलो होतो.

ते आठवडे मला अजून नको वाटतात. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी थांबायची आणि मुलं म्हणायची, "मॅडम, पुढं?" हे स्टुडिओ उघडायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे. एकदा तर न सांगता पिंपळगाव राजाला थोरल्या भावाकडे जाऊन आले. माझे थोरले दीर तिथं जाऊबाईंबरोबर भाजीपाला करतात. त्यांचं याच दुखण्याचं ऑपरेशन कित्येक वर्षांपूर्वी झालेलं. तिथून आल्यापासून हे आणखीच गप्प झाले.

दुसऱ्या तपासणीत आकडा खाली आला. मी डॉक्टरांच्या टेबलाला धरून उभी राहिले. ते म्हणाले, "आता भीती नाही. पण लघवी पुन्हा तुंबू शकते. गोळ्या यांना सोसत नाहीत. संभाजीनगरला युरोलॉजिस्टना दाखवा. हल्ली बिनटाक्याचे बरेच उपाय निघालेत."

"काई गरज नाई," हे म्हणाले. "बरं हाय आता."

बाहेर आल्यावर आम्ही रस्त्यातच भांडलो.

"एवढा जीव चालला होता तुमचा, विसरले?"

"ऑपरेशन नाई करत म्हटलं ना!"

"काऊन पन?"

ते पुढे चालू लागले. मग बसस्टँडच्या गर्दीत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दादा म्हने, तिकडं डॉक्टरले हात लावू देऊ नको. माणूस मंग माणूस राह्यत नाई."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा राग गेला. एवढ्यासाठी हा माणूस मरणाच्या दुखण्याला तयार होता, आणि मला ते सांगायला बसस्टँडचा गोंगाट लागला.

मी रजा टाकली आणि त्यांना संभाजीनगरला नेलं. चिखली, देऊळगाव राजा, जालना, सगळ्या थांब्यांवर ते उतरले. एकदा कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा मी उठून दारात उभी राहिले. "माणूस खाली आहे," म्हटलं.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी यांना एका यंत्राच्या भांड्यात लघवी करायला लावली. धार किती जोराची आहे ते पडद्यावर उमटलं. मग पुन्हा सोनोग्राफी करून पोटात किती शिल्लक राहते ते पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढून बसले आणि टेबलावरचं एक प्लॅस्टिकचं मॉडेल उचललं.

"हे मूत्राशय, ही खालची गाठ म्हणजे प्रोस्टेट. लघवीची नळी या गाठीच्या मधून जाते. गाठ वाढली की नळी दाबली जाते. एवढंच झालंय."

मग त्यांनी एकेक उपाय सांगितला, घाई न करता. दुर्बीण आत घालून गाठ आतून खरवडायची, हे जुनं आणि खात्रीचं ऑपरेशन. लेसरनं गाठ पोखरून काढायची, फार मोठ्या गाठीलाही चालते. मांडीतून किंवा मनगटातून बारीक तार नेऊन गाठीला रक्त पुरवणाऱ्या नसा बंद करायच्या, म्हणजे ती हळूहळू सुकते. छोट्या क्लिपांनी गाठीच्या दोन्ही बाजू पडद्यासारख्या बाजूला बांधून ठेवायच्या. आणि शेवटचा, वाफेचा. गाठीत बारीक सुईनं काही सेकंद वाफ सोडायची. वाफेनं मेलेला भाग शरीर पुढच्या काही आठवड्यांत स्वतःच पचवतं.

"तुमच्या गाठीचा मधला भाग वर आलाय, त्यामुळे क्लिपा मी सुचवणार नाही. आकार मध्यम आहे. वाफ चालेल, दुर्बीणही चालेल. दुर्बिणीचा गुण लगेच आणि जास्त. वाफेला वेळ लागतो, आणि काही जणांना काही वर्षांनी पुन्हा उपाय करावा लागतो. हे आधीच सांगून ठेवतो. काही विचारायचंय?"

हे म्हणाले, "नाई."

मी पदर सारखा केला. मी म्हटलं, "डॉक्टर, यानंतर नवरा-बायकोच्या संबंधात फरक पडतो का?"

यांची मान गर्रकन माझ्याकडे वळली. डॉक्टर मात्र सहज म्हणाले, "बरं झालं विचारलंत. बहुतेक लोक विचारत नाहीत आणि घरी जाऊन काहीबाही समजून बसतात. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पुष्कळांचं वीर्य बाहेर येण्याऐवजी मागे मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीतून निघून जातं. कोरडं वाटतं, पण त्यानं अपाय होत नाही. बहुतेकांची ताकद आणि इच्छा आधी असेल तशीच राहते. वाफेच्या उपायात हा कोरडेपणाही सहसा येत नाही."

यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हंजे… थे जात नाई?"

"बहुतेकांचं नाही जात, काका."

दवाखान्यातून स्टँडपर्यंत हे माझ्यापुढे चालत राहिले. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. देऊळगाव राजाला उतरले, परत आले ते दोन कागदी कपांत चहा घेऊन. चहा! किती महिन्यांनी.

"लाज नाई वाटली तुले? पोरगा होता थो आपल्या पोराच्या वयाचा."

"वाटली ना. लय वाटली."

ते चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "तू सकाळपासून एकदा बी नाई उतरली. पानी बी नाई पेली."

"उतरून जाऊ कुठी?" मी म्हटलं. "तुमाले बाभूळ चालते. माह्या पह्यल्या शाळेत मॅडमसाठी संडासच नव्हता. सकाळी घोटभर पानी पेऊन जायची, थेट घरी येऊनच मोकळी व्हायची. बसनं गावाले जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पानी बंद. सवयच पडली."

यांनी चहाचा कप खाली घेतला. "हे तू मले कधी सांगतलं नाई."

"तुमी कधी इचारलं?"

बस सुटली.

वाफेचा उपाय करायचं यांनी स्वतःच ठरवलं. त्या दिवशी मी दवाखान्याच्या बाकावर बसले, उठले, पाणपोईपर्यंत गेले, परत आले. आता येरझारा माझ्या होत्या. पण मी तिसऱ्यांदा पाणपोईकडे जाते न जाते तोच नर्सनं हाक मारली. झालं होतं. टाका नाही, पट्टी नाही. हे गुंगीत होते आणि कोणत्या तरी लग्नात उभे असल्यासारखे "जरा सरका, फ्रेममध्ये येऊन राह्यले तुमी" म्हणत होते.

काही दिवस नळी आणि पिशवी होती. पिशवी खुर्चीच्या पायाला बांधून हे लग्नांच्या कॅसेटी, म्हणजे आता पेनड्राइव्ह, एडिट करत बसायचे. चिखलीला नळी काढली आणि मला वाटलं, सुटलो.

सुटलो कसले? त्यानंतरचे आठवडे आधीपेक्षा वाईट गेले. आग व्हायची. घाई इतकी की न्हाणीघर गाठेपर्यंत धीर निघायचा नाही. कधी लालसर जायची. हे भडकायचे. "वाफ कसली, फसवलं आपल्याले! कुकरातली वाफ बरी!" मला म्हणायचे, "तूच मागं लागली होती." मी ऐकून घ्यायची आणि मग गच्चीवर जाऊन कपडे पुन्हा पुन्हा झटकायची. आपणच चुकीचा उपाय निवडायला लावला का, हा किडा डोक्यातून जाईना. एकदा न राहवून डॉक्टरांना फोन केला.

"आत सूज आहे," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं, वाफेला वेळ लागतो. ताप आला किंवा लघवी अडकली तर लगेच या. नाहीतर पाणी नीट प्यायला लावा आणि धीर धरा."

धीर हा सांगायला सोपा. पण आग खरंच कमी होत गेली. मग घाई कमी झाली. नेमकं कधी बरं वाटलं, हे आम्हाला दोघांनाही सांगता येत नाही. मला एवढं आठवतं की एका संध्याकाळी मी सहावीचे सगळे पेपर एका बैठकीत तपासले आणि शेवटचा गठ्ठा बांधताना लक्षात आलं, मागून चपला वाजल्याच नाहीत. हे समोर बसून शेंगा फोडत होते. पूर्ण बरं म्हणाल तर नाही. अजून पहाटे एकदा उठतात, गार हवेत थोडी घाई होतेच. पण गोळी सुटली, आणि पुढच्या तपासणीत पोटात फार शिल्लक राहत नाही असं निघालं.

आमच्या दोघांमधलंही सगळं पहिल्यासारखं झालं. याहून जास्त मी लिहिणार नाही.

उन्हाळ्यात आम्ही पिंपळगाव राजाला गेलो. हे थोरल्या दिरांना घेऊन मळ्यात गेले. मी आणि जाऊबाई पडवीत मेथी निवडत बसलो. मळ्यातून दोघांचा आवाज येत नव्हता, पण दीर मान हलवत होते आणि हे हातानं काहीतरी समजावत होते. मॉडेल धरल्यासारखी ओंजळ केली होती त्यांनी.

"काय सांगून राह्यले एवढं?" जाऊबाईंनी विचारलं.

मी जरा घुटमळले. मग दिरांच्या ऑपरेशनबद्दल डॉक्टर जे म्हणाले होते ते त्यांना सांगितलं. पुरुषाचं पाणी मागे जातं, लघवीतून निघून जातं, एवढंच. बाकी सहसा काही बिघडत नाही. दिरांना कोणी सांगितलं नसेल, आणि त्यांनीही विचारलं नसेल.

जाऊबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली.

"दवाखान्यातून आले," त्या म्हणाल्या, "अन् अंगनात बाज टाकून निजाले लागले. हिवाळ्यात बी. मले वाटलं, मीच नको झाली त्याईले. तवा मी काई एवढी म्हातारी नव्हती वं."

"तुमी इचारलं नाई?"

"कसं इचाराव?"

मळ्यात दीर आता खाली बांधावर बसले होते, आणि हे त्यांच्या शेजारी उभे होते. जाऊबाई बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. रागानं की आणखी कशानं, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"तू निवड उरलेली," म्हणाल्या. "मी त्याईले पानी देऊन येतो. उन्हात बसले."

तांब्या भरून त्या बांधाच्या दिशेनं निघाल्या. दोनदा थांबल्या, आणि पुन्हा चालू लागल्या.